मोहाखालची सपरी

अर्जात अकरा प्रश्न होते. त्यातले दहा वारलू कुमरेने एका बैठकीत लिहून काढले. सातव्यावर मात्र त्याचा टाक थांबला.

'अर्जदाराच्या, त्याच्या पत्नीच्या किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या कोणाच्याही मालकीचे घर आहे काय? पूर्वी असल्यास त्याचे काय झाले?'

वारलू चांद्याच्या लाकूड डेपोत मोजणीदार होता. जंगलातून आलेल्या सागाच्या ओंडक्याची, म्हणजे गोलाची, लांबी आणि घेर मोजायचा, वहीत आकडा लिहायचा आणि गोलाच्या तोंडावर हातोड्याने सरकारी शिक्का ठोकायचा, हे त्याचे काम. आकड्यात अर्ध्या इंचाची चूक त्याला खपत नसे. त्याने लिहिले, 'पूर्वी होते. १९५१ साली विकले.'

"नुसतं 'नाही' लिवलं असतं तर काय बिघडलं असतं?" त्याची बायको कमळा म्हणाली.

"होतं ना पण."

"हाव, होतं. आता सरकार इचारीन कुठी होतं, कसं होतं. सांगत बसजा."

कमळाचे म्हणणे खोटे नव्हते. कमी पगाराच्या लोकांना घर बांधायला सरकार कर्ज देऊ लागले होते आणि शहराबाहेर त्यासाठी प्लॉट आखले होते. वारलूला त्यातला एक मिळालाही होता. बाभळीच्या तीन झाडांची ती रिकामी जागा कमळा दर रविवारी पाहून येई. स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या बाजूला ठेवायची हेही तिने ठरवले होते. भाड्याच्या खोलीत सहा वर्षे धूर गिळून तिचे डोळे कायमचे लाल झाले होते. पण कर्ज मंजूर झाले नाही, तर प्लॉट यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार होता.

अर्ज जानेवारीत गेला. मग निवडणूक आली, कचेरीतले कारकून मतपेट्यांच्या मागे गेले आणि अर्ज तसाच पडून राहिला. होळी झाल्यावर, १९ मार्च १९५७ ला पत्र आले. विक्रीच्या कागदासंबंधी खुलासा पाहिजे, कचेरीत हजर राहावे.

घरकर्जाच्या टेबलावर गुणवंतराव नावाचे वयस्क हेडक्लार्क होते. त्यांनी वारलूचा सहा वर्षांपूर्वीचा कागद समोर पसरला. एका ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती.

"कुमरे, ही ओळ वाचा."

वारलूने वाचली. 'वाडीतील मोहाचे झाड व त्याखालील सपरी विकणाराच्या मालकीची राहील.'

"मीच सांगून लिहवली होती साहेब."

"मग अर्जात का नाही लिहिली?"

"घर विकलं ना साहेब. सपरी म्हणजे काही घर नव्हे."

"छप्पर आहे?"

"हाव. कवेलूचं."

"दार?"

"एक आहे. जुन्या घराचं."

"आत कोणी झोपतं?"

"माय झोपते. चैतात, मोहा पडते तेव्हा. पंधरा-वीस दिवस."

गुणवंतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "छप्पर आहे, दार आहे, आत तुमची आई झोपते. मग घर तुम्ही कशाला म्हणता, कुमरे?"

वारलूने ती ओळ पुन्हा वाचली.

"पूर्वी घर होतं याला हरकत नाही," गुणवंतराव म्हणाले. "विकलं असेल तर माणूस पात्र आहे. आज नसावं, एवढंच. तीस तारखेला शनिवारी बाराच्या आत पटवाऱ्याचा दाखला आणा, की त्या गावी तुमचं घर नाही. मग सरकारी वर्ष संपतं. पुढच्या वर्षी कोणाला मिळेल, किती मिळेल, मला सांगता येणार नाही."

वारलू दारापर्यंत गेला आणि परत फिरला. "आणि झाड, साहेब?"

गुणवंतरावांनी अर्ज वरून खालपर्यंत पाहिला. "झाडाचा रकाना नाही," ते म्हणाले. "झाड ठेवा."

सिंदेवाहीपासून सात मैलांवर पेंढरटोला आहे. अठ्ठावीस घरांचे गाव, एक बोडी, म्हणजे लहान तळे, आणि चारी बाजूंनी जंगल. तिथे जमीन एकाची आणि तिच्यातला मोहा दुसऱ्याचा, असे सर्रास चालते. बांध विकला जातो, शेत वाटले जाते, पण मोहा ज्या घरचा त्या घरचाच राहतो. कुमरेंच्या घरालगतच्या वाडीतला मोहा वारलूच्या आजीपासून घरच्या सुनांकडे चालत आला होता. त्याला सगळे 'बुढी' म्हणत. 'बुढी यंदा आठ दिवस मागं आहे,' असे बोलणे होई आणि परका माणूस आजारी म्हातारीची चौकशी करून जाई.

मोहाचे फूल रात्र सरताना गळू लागते आणि ऊन तापेपर्यंत गळत राहते. हरणे आणि गुरे यायच्या आत ते वेचावे लागते. वारलूची आई सोमारी होळीनंतर झाडाखालचा पाचोळा जाळायची, जमीन झाडून अंगणासारखी करायची आणि तिथेच मुक्काम ठोकायची. तिच्यासाठी वारलूच्या बापाने १९३८ साली झाडाखाली सपरी बांधली. चार सागवानी खांब, तीन बाजूंना कुडाच्या भिंती, वर मातीचे कवेलू, म्हणजे कौले. कवेलू त्याने स्वतः थापले, वाळवले, भाजले. प्रत्येक ओल्या कवेलूवर तो तीन बोटांनी रेघा ओढायचा. तेव्हा वारलू अकरा वर्षांचा होता. कवेलू वाळत असताना शेळीचे एक पिल्लू त्यांच्यावरून दुडदुडत गेले आणि एका कवेलूवर त्याचा खूर उमटला. बापाने तो फेकला नाही. पागोळीला, सगळ्यांना दिसेल असा लावला. 'हा आपला दुसरा कारागीर' म्हणायचा.

बाप १९५० साली गेला. वारलूला चांद्यात नोकरी लागलेली होती, आईला एकटीला ठेवता येत नव्हते, आणि बंद घर वाळवी खाऊन टाकते. शेजारचा झिंगू घर घ्यायला तयार झाला. ब्रह्मपुरीला अर्जनवीस कागद लिहीत होता, तेव्हा सोमारी सबंध वेळ कचेरीच्या पायरीवर गप्प बसून होती. कागद संपत आला तशी उठली आणि म्हणाली, "बुढी अन् सपरी नाई दिली म्हणून लिव." अर्जनवीसाने वारलूकडे पाहिले. वारलूने मान हलवली. ती लाल रेघेची ओळ अशी कागदावर आली.

तेव्हापासून दर वर्षी होळी पेटली की सोमारी गाठोडे बांधायची. चांद्याची खोली, कमळाची चूल, नळावरची भांडणे, सगळे सोडून छोट्या लाइनीच्या गाडीने सिंदेवाही गाठायची आणि तिथून पायी. यंदाही ती आठ दिवसांपूर्वी गेली होती.

वारलू शनिवारी दुपारच्या गाडीला बसला. रात्र सिंदेवाही स्टेशनात काढली आणि रविवारी तांबडे फुटायच्या सुमारास चालू लागला. पेंढरटोल्याच्या अलीकडे मैलभर मोहाचा वास आला. त्या वासाला नुसते गोड म्हणून चालत नाही. त्यात आंबूस काहीतरी असते, जळलेल्या पाचोळ्याची राख असते, शेणाचा ओलावा असतो. वारलूचे पाय आपोआप लवकर पडू लागले. डेपोत मोजायला आलेल्या गोलांना कधीकधी मोहाच्या रानातली माती लागलेली असे. तेव्हा हातोडा हातात तसाच ठेवून तो क्षणभर थांबत असे. कशासाठी थांबलो हे त्याने कोणाला सांगितले नव्हते.

सोमारी वाकून वेचत होती. तिने मान वर केली.

"आलास? हात रिकामे काऊन? टोपली घे."

मोहा पडत असताना गप्पा मारायच्या नाहीत, हा तिचा नेम. वारलूने टोपली घेतली. झाड वरून टपटप गाळत होते. जमिनीवर फूल पडले तर आवाज होत नव्हता. सपरीच्या कवेलूवर पडले की टक् असा स्वच्छ आवाज यायचा आणि ते घरंगळत पागोळीखाली पडायचे. लहानपणी याच आवाजाने तो जागा व्हायचा. पहिला टक्, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा, तिसरा, आणि मग जणू कोणी वरून मूठमूठ उधळतेय. आई अंधारातच म्हणायची, 'उठली बुढी.' गावात कोंबडे होते, पण कुमरेंच्या घरात पहाट सपरीच्या छपरावर व्हायची.

ऊन टोपल्यांवर आले तेव्हा आई खाली बसली. वारलूने तिला सगळे सांगितले. अर्ज, सातवा प्रश्न, लाल रेघ, शनिवार. ती फुलातले केसर झटकत ऐकत राहिली.

"म्हणजे तुह्या मायले छप्पर आहे म्हणून सरकार तुले छप्पर देत नाई."

"तसंच."

"अन् बुढी?"

"झाडाचं काही नाई म्हणते."

"शहाणं आहे मंग."

तेवढ्यात झिंगू आणि त्याची बायको बुधरी घरातून आली. झिंगूला बोलायला निमित्त लागत नसे.

"काय मोजणीदार! आमच्या घराले शिक्का मारायले आला का?"

वारलूने पुन्हा सांगितले. झिंगूने मांडीवर थाप मारली. "येवढंच ना? सपरी माह्या नावानं लिहून दे. म्हातारी राहीनच इथी. मी का तिले हाकलून राह्यलो?"

"सहा वर्षं झाले, कोणी हाकललं काय?" बुधरी म्हणाली. "उलट हेच मले सांगते, चूल कशी लिपाव म्हणून."

"तुले येत नाई म्हणून सांगतो," सोमारी म्हणाली. मग झिंगूकडे वळून, "तुह्या नावानं झाली म्हणजे मी पाहुणी. पाहुणी किती दिस राहते? दोन, तीन? मोहा वीस दिस पडते."

"बाई, तू तर कोर्टावाणी बोलून राह्यली."

"मी कागदावाणी बोलून राह्यलो. कागदानंच इथपर्यंत आणलं ना?"

वारलूला झिंगूचा तोडगा पटला होता. आईची समजूत नंतर काढता येईल, असे मनाशी धरून तो दुपारी दोन मैलांवरच्या गावी पटवाऱ्याकडे गेला. पटवारी बापूजी ओसरीवर नकाशा पसरून बसले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि मान हलवली.

"तसं नाई होत भाऊ. सपरी झिंगूले द्याची तर ब्रह्मपुरीले कागद नोंदवा लागीन, मग माह्याकडे फेरफार येईन. महिना तर जाते. तुमचा शनिवार कुठी अन् तो कागद कुठी!"

"मग दाखला?"

"मी जागेवर जे दिसन ते लिवतो. घर दिसलं तर घर, नाई दिसलं तर नाई. मंगळवारी तुमच्या गावावरूनच जाऊन राह्यलो." बापूजींनी नकाशाची गुंडाळी केली. "छप्पर असन तर मले घर लिवाच लागीन. नसन तर मी कायले लिवू?"

परतीच्या दोन मैलांत वारलूने हे वाक्य आईला कसे सांगायचे याची दहादा जुळवाजुळव केली. सांगताना ते जसेच्या तसेच सांगितले.

सोमारी चुलीवर मोहा उकडत होती. "मंगळवारी कवा येते?"

"सकाळी, न्याहरीच्या वेळेले."

"बरं."

सोमवारी मोहा वेचून झाला, फुले वाळायला पसरून झाली. सोमारीने पदर खोचला, बुधरीकडून शिडी आणली आणि खांबाला लावली.

"चढ."

"माय, आपण अजून..."

"चढ म्हणतो ना. ऊन चढलं का कवेलू चटके देते."

वारलू चढला. एकेक कवेलू सुटा करून तो खाली द्यायचा, झिंगू झेलायचा आणि सोमारी रचायची. पहिल्या काही कवेलूंनंतर त्याची बोटे नकळत त्या तीन रेघांवर बसू लागली. बापाची बोटे जाड होती. वारलूची त्या खोबणीत सैल बसत. कवेलूंच्या फटीत एकोणीस वर्षांचा मोहा वाळून काळा झाला होता. एका वाशाला खोचलेली बापाची चुन्याची डबी सापडली. झाकण गंजून बसले होते, उघडले नाही. सोमारीने ती हातात घेतली, कानाजवळ नेऊन हलवली.

"मले म्हणे, तू बाजारात पाडली," ती म्हणाली. "सबंध हप्ता मले बोलला, तूच हरवली म्हणून." तिने डबी कमरेला खोचली आणि पुढचा कवेलू घ्यायला हात वर केला.

शेवटचा पागोळीचा. त्यावर शेळीच्या पिल्लाचा खूर होता. तो खाली येताच सोमारी हसली. "हा दुसरा कारागीर." तिने तो रचलेल्या ढिगात ठेवला नाही, बाजूला झाडाच्या बुंध्याशी टेकवला.

चारशे बारा कवेलू निघाले. वाळवी लागलेला कूड झिंगूने ढकलला तसा पडला. दार बुधरीने आपल्या भिंतीला टेकवून ठेवले. संध्याकाळी मोहाखाली नुसते चार खांब उभे होते. बुधरीने आग्रह केला, पण सोमारी घरात झोपायला गेली नाही. खांबांच्या मधोमध तिने घोंगडे टाकले.

मंगळवारी वारलूला जाग आली ती उन्हाने. झिंगूच्या ओसरीवर तो दचकून उठला. वाडीत शेळ्या शिरल्या होत्या आणि खाली पडलेला मोहा निवांत खात होत्या. चार खांबांच्या मधे सोमारी अजून झोपलेली होती. तिच्या घोंगड्यावर, खांद्यावर, पांढऱ्या केसांत फुले पडली होती. सबंध आयुष्यात आईला सूर्य उगवल्यावर झोपलेले त्याने पाहिले नव्हते.

त्याने शेळ्या हाकलल्या. त्या आवाजाने ती उठली. आधी वर पाहिले, मग खाली.

"उठवलं नाई तिनं," ती म्हणाली. एवढेच म्हणून तिने टोपली ओढली आणि शेळ्यांनी उरवलेले वेचायला घेतले. वारलू तिच्या शेजारी वाकला. तिच्या केसातली फुले काढावीत असे त्याला वाटले, पण काढली नाहीत.

न्याहरीच्या वेळी बापूजी आले. त्यांनी चारी खांबांना फेरी मारली, रचलेले कवेलू पाहिले, बुधरीच्या भिंतीला टेकवलेले दारही पाहिले.

"ही बाई कुठी राहते?"

"चांद्याले, पोराकडे," सोमारी म्हणाली.

"अन् इथी?"

"इथी झाडाखाली."

"झाडाखाली राहणं म्हणजे घर नाई," बापूजी म्हणाले आणि मांडीवर कागद घेऊन लिहू लागले. 'जागेवर सागवानी खांब चार व मोहाचे झाड एक. छप्पर नाही. राहण्याजोगे घर नाही.' सही करून त्यांनी तारीख घातली. मग मूठभर मोहा तोंडात टाकला. "यंदा गोड आहे बुढी."

"काल जास्त गोड होती," सोमारी म्हणाली.

गुरुवारी दाखला गुणवंतरावांच्या टेबलावर पोचला. त्यांनी तो दोनदा वाचला, फाइलीला लावला आणि एक छापील कागद पुढे सरकवला. कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे वीस वर्षे, दुसरे कोणतेही घर करणार नाही, असे त्यावर होते. वारलूने सही केली. सही करताना त्याने मनात हिशेब मांडला. वीस वर्षांनी आई ब्याऐंशीची होईल.

कर्ज मंजूर झाले. त्या वर्षी पाऊस सरल्यावर बांधकाम सुरू झाले आणि संक्रांतीला ते राहायला गेले. दोन खोल्या मंजूर नकाशाप्रमाणे झाल्या. स्वयंपाकघरावर काय घालायचे याबद्दल नकाशात काही म्हटलेले नव्हते. झिंगूने बैलगाडीने सिंदेवाहीपर्यंत आणि वारलूने रेल्वेने तिथून पुढे आणलेले कवेलू तिथे चढले. वाटेत एकतीस फुटले होते. खुराचा कवेलू सोमारीने मांडीवर आणला होता. तो पुन्हा पागोळीला लागला. कमळाची खिडकी पूर्वेला होती, धूर तिच्यातून सरळ बाहेर जायचा. कमळाचे डोळे महिन्याभरात निवळले. ती शेजारणींना बोलावून खिडकी दाखवायची.

सोमारीने आपली बाज स्वयंपाकघरात, कवेलूखाली घातली. होळी जवळ आली तशी ती पहाटे उठून बसू लागली. वारलूला भिंतीपलीकडून बाजेची करकर ऐकू यायची, मग काहीच नाही. एकदा तो उठून पाहायला गेला. ती वर तोंड करून बसली होती. छपरावर बाभळीचा डहाळासुद्धा नव्हता.

"काय ऐकून राह्यली माय?"

"काई नाई. कावळा होता."

होळीच्या दुसऱ्या दिवशी तिने गाठोडे बांधले. वारलूने सबंध रात्र डोक्यात घोळवलेले बोलून टाकले. "यंदा बुधरीच्या घरात झोपजो. मी सही केली आहे, तिथी काही बांधता येत नाई."

"कोण बांधते?" ती म्हणाली. "शिडी आण."

"कायले?"

"त्या कारागिराले खाली काढ."

वारलू शिडीवर चढला. पागोळीचा खुराचा कवेलू सोडवून त्याने आईच्या हातात दिला. तिने तो लुगड्याच्या जुन्या धडप्यात गुंडाळला आणि गाठोड्यात मधोमध ठेवला.

"दोन दगड ठेवतो, त्याच्यावर हे पालथं. डोक्यापाशी," ती म्हणाली. "एक बी फूल पडलं का उठतो मी." मग थांबून तिने विचारले, "एका कवेलूले सरकार घर म्हणते काय?"

"नाई म्हणत."

"पटवाऱ्याले इचारून घेतो तरी."

त्याने तिला गाडीत बसवून दिले. परत आला तेव्हा कमळा अंगणात उभी राहून वर बघत होती. पागोळीला एक फट पडली होती आणि तिच्यातून चुलीचा धूर बारीक वर चालला होता.

"पावसाच्या आत तिथं काई लावा," ती म्हणाली. "नाईतर चुलीवरच गळन."

"चैत सरू दे," वारलू म्हणाला. "येईन माय तो घेऊन."